सोनीचा बसका चंद्र

भिंतीला अंग घासत चालायचं. घासणं जिथं अचानक थांबेल तिथं उभं राहायचं आणि वहीत लिहायचं: इथून पलीकडे जाता येतं. आठ वर्षं माझं काम हेच.

भिंत पडद्यावरची असते. मी व्हिडिओ गेम तपासते, त्यातही जुने. ज्यांच्या सीड्या कुणाच्या तरी कपाटात बुरशी धरून पडल्यात आणि ज्यांना आता मोबाईलवर नव्यानं आणायचंय, असे. शुक्रवार पेठेत भांड्यांच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. खाली दिवसभर पितळेवर ठोके पडत असतात, आणि वर मी कुठल्या तरी आटलेल्या समुद्राच्या तळाशी उभी असते. जेवायच्या सुट्टीत जिना उतरून गल्लीत आले की पहिली दोन मिनिटं मला खरी भिंतसुद्धा हात लावून बघावीशी वाटते.

लोक म्हणतात, बरंय की, दिवसभर खेळायचं. मी खेळत नाही. खेळणारा जिंकायला जातो, मी अडकायला जाते. एकच उडी शंभर वेळा मारते आणि एकशेएकाव्या वेळी पाय फरशीतून खाली गेला की मला आनंद होतो. मग त्या चुकीला नंबर द्यायचा आणि दोन रकान्यांपैकी एकात तिला टाकायचं: ‘दुरुस्त’ किंवा ‘राहू दे’. नवा खेळ असेल तर दुसरा रकाना लागतच नाही. जुन्या खेळात सगळं भांडण त्या दुसऱ्या रकान्याचं असतं. वीस वर्षं लोक ज्या चुकीसोबत राहिले ती काढायची का? आणि ते ठरवणार कोण?

एका होडीच्या खेळात तिसऱ्या बेटाला उजवीकडून वळसा घातला की होडी पाण्यातून सुटायची आणि सावकाश आभाळात चढायची. खाली समुद्र निळ्या ताटासारखा लहान होत जायचा. लाटांचा आवाज मात्र तेवढाच यायचा. मी अर्धा तास वर राहिले. नंतर उतरून ‘दुरुस्त’मध्ये नोंद केली, कारण तेव्हा मी नवी होते आणि मला नियम प्यारे होते. खेळ बाजारात आला, आणि एका बाईनं फक्त एवढंच लिहून पाठवलं की उडणारी होडी सापडत नाही, वळसा चुकतोय का माझा?

म्हणून सगळं जुनं जसंच्या तसं ठेवा म्हणणाऱ्यांतली मी आहे असं समजू नका. मोटारींच्या एका खेळात रस्ता झाडणारी बाई होती. तिला धडक दिली की दहा गुण, आणि ती उडताना हसू येईल असा आवाज काढायची. माझी आजी याच शहराच्या गल्ल्या झाडत होती. पहाटे हातात झाडू घेऊन निघायची आणि परत येताना तिच्या पापण्यांवरसुद्धा धूळ असायची. ज्या कंपनीचा खेळ होता तिनं कळवलं की तो त्या काळचा विनोद आहे, मूळ रूप जपावं. मी तीन पानं लिहिली. त्यातलं एकच वाक्य सांगते: चूक म्हणजे हात घसरला, अपमान म्हणजे हात उगारला. घसरलेल्या हाताबद्दल बोलू, उगारलेला आधी खाली घ्या. त्यांनी घेतला. आता त्या खेळात बाई रस्ता ओलांडते आणि मोटारी थांबतात. कुणी म्हणालं मजा गेली. जाऊ दे.

असं लिहायला मी कॉलेजात शिकले, पाण्यासाठीच्या मोर्चांच्या पत्रकांवर. पहिल्या ओळीत मागणी, दुसरीत कुणाकडे, तिसरीत कधीपर्यंत. विशेषणं शेवटी, कागद उरला तर. ऑफिसात मला करुणा म्हणून फार कुणी हाक मारत नाही. पत्रकबाई म्हणतात.

तर ‘सोनीची शिडी’.

हा खेळ आमच्या दत्ता सरांनीच केलेला. ऑफिस त्यांचं. वीस-एक वर्षांपूर्वी ते याच पेठेत कॉम्प्युटर क्लास चालवायचे, तेव्हा त्यांनी हा खेळ बनवला आणि क्लासच्या चार मशीनवर टाकला. पुढं त्याच्या सीड्या गावभर गेल्या. सोनी नावाची मुलगी शिड्या लावत छपरांवरून छपरांवर जाते, चिमण्या चुकवते, पतंग धरून पलीकडच्या गच्चीवर उतरते आणि शेवटी चंद्रावर जाऊन बसते. एवढाच खेळ. पण त्यातलं सगळं बसकं होतं. घरं बसकी, घोडा बसका, देवळाचा कळस कुणी वरून हातानं दाबल्यासारखा. सोनी रुंद आणि बुटकी. आणि चंद्र तर चांगला लोडासारखा आडवा. सोनी त्याच्यावर मांडी घालून बसायची.

माझी आई त्या क्लासशेजारच्या दवाखान्यात आया होती. आम्ही होटगीला राहायचो, पण माझी शाळा इथंच, आणि जाणं-येणं आईसोबत गाडीनं. शाळा सुटली की मी दवाखान्याच्या पायरीवर आईची वाट बघत बसायची, आणि सरांनी एक दिवस आत बोलावून चौथ्या मशीनसमोर बसवलं. तेव्हापासून आईची ड्यूटी संपेपर्यंत मी त्या गावात असायची. आईला उशीर झाला तरी चंद्र बसलेला असायचा. घाईत नसायचा. खरा चंद्र गाडीच्या खिडकीतून आपल्यासोबत पळतो, हा थांबायचा. मला कितीतरी वर्षं वाटत होतं की चंद्र दोन असतात, एक पळणारा आणि एक वाट बघणारा.

गेल्या वर्षी सरांनी ‘सोनीची शिडी’ पुन्हा काढायचं ठरवलं. दिवाळीच्या सुट्टीत पोरांच्या हातात पडला पाहिजे म्हणाले. एका सकाळी मी आले तर त्यांच्या पडद्यावर सोनी उंच झालेली. त्यांनी सगळी चित्रं वरून खालून धरून ओढली होती, एका बटणात. जवळून बघितलं तर चित्रातल्या चौकोनांच्या काही ओळी जाड, काही बारीक, सोनीचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा. पण चंद्र गोल.

“बघ की,” सर म्हणाले. “वीस वर्षं लोक हसत होते मला. आता सरळ झालं का न्हाय?”

मी म्हणाले, सर, हा चंद्र नाही, दिवा आहे. ते म्हणाले, खेळ माझा हाय. मी म्हणाले, तुम्ही केलात, पण राहिलो आम्ही त्यात. मग मला जे येतं ते मी केलं. पत्रक काढलं. ‘चंद्राला हात लावू नका. मागणी: मूळ चित्रं तशीच. कुणाकडे: प्रकाशकाकडे. कधीपर्यंत: सुट्टी लागायच्या आत.’ मोबाईलवरून ते फिरलं आणि कुठून कुठून माणसं निघाली. पुण्याला नोकरी करणारा एक जण, अक्कलकोटची एक शिक्षिका, दुबईचा एक ड्रायव्हर. त्या शिक्षिकेनं कळवलं की तिचा मुलगा चंद्र आडवा काढतो, कारण लहानपणी तिनं त्याला तसाच काढून दाखवला होता. सह्या वाढत गेल्या. सर आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले आणि मग म्हणाले, ठेव बाई तुझा बसका.

जिंकल्यावर माणसानं थांबावं. मला ते शिकवलं नव्हतं.

मूळ चित्रं ठेवायची तर ती काढणाऱ्याचं नाव कुठंय? खेळाच्या शेवटी फक्त सरांचं नाव यायचं. मी विचारलं तर ते म्हणाले, अंबादास मास्तर म्हणून होते, चादरीच्या कारखान्यात नक्षी काढायचे, त्यांनी सगळी चित्रं आलेख कागदावर करून दिली. नाव का नाही? “त्यांनीच नको म्हटलं,” सर म्हणाले. मला हसू आलं. कामगार स्वतः नाव नको म्हणतो, हे मी मालकांच्या तोंडून आयुष्यभर ऐकत आलेय. दुसरं पत्रक लिहायला वीस मिनिटं लागली. ‘चित्रं ठेवली, चित्रकार गायब.’ सरांचं नाव लिहिलं नाही, पण कळायला नावाची गरज नव्हती. ते मी पाठवून दिलं आणि दुसऱ्या दिवशी मास्तरांना शोधायला शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत गेले, पत्रकाची एक प्रत घेऊन. मनात असं की म्हातारा माणूस आहे, डोळे भरून येतील.

घर सापडायला वेळ लागला नाही. त्या गल्लीत यंत्रमागांचा आवाज एवढा असतो की थोड्या वेळानं तो ऐकू येईनासा होतो आणि सगळं पाण्याखाली चाललंय असं वाटतं. मास्तर दारातच खुर्ची टाकून बसले होते. सत्तरीच्या पुढचे, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. घरात सुनेशी तेलुगूत बोलले, माझ्याशी मराठीत. मी पहिलं पत्रक वाचून दाखवलं, मग दुसरं. किती लोकांनी सह्या केल्या तेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे अम्मा, ती चूक तशीच ठेवणार, आणि वरून खाली माझं नाव घालणार?”

त्यांनी सुनेकडून एक चादर मागवली आणि माझ्या मांडीवर पसरली. मोर होता. मग एक पिवळा पडलेला आलेख कागद काढला. त्यावर तोच मोर, पण बुटका, गुबगुबीत. सोनीच्या गावात शोभला असता असा.

मला समजलं ते असं. चादरीत आडवा धागा जाड असतो. कागदावरचा एक चौकोन कापडावर आला की उभा राहतो, उंच होतो. म्हणून नक्षीवाला कागदावर सगळं बसकंच काढतो. माग त्याला उभं करतो. बुटका मोर कापडावर मान वर काढतो. मास्तरांनी तीस वर्षं हेच केलं होतं. दत्ता सर चित्रं मागायला आले तेव्हा त्यांच्या हातानं त्याच सवयीनं काढली. पडद्यावरचा चौकोन मात्र चौकोनच राहतो, त्याला कुणी उभं करत नाही.

“कागदाकडं बघताना मला कागद दिसतच नव्हता,” मास्तर म्हणाले. “मला कापड दिसायचं. क्लासात जाऊन बघितलं आणि लाज वाटली. पोरं हसत होती. मीच दत्ताला म्हटलं, नाव काढ. तो नाही म्हणत होता. मी काढायला लावलं.”

मग त्यांनी माझ्या हातातलं दुसरं पत्रक मागून घेतलं, चष्म्याजवळ नेलं आणि विचारलं, “हे त्यानं वाचलं का?”

वाचलं होतं. गावानं वाचलं होतं.

मी आजवर अनेक दारांवर उभी राहून उत्तरं मागितलीत. त्या दिवशी ऑफिसचा जिना मी उत्तर द्यायला चढले. सर खालच्या ठोक्यांच्या तालावर पेन आपटत बसले होते. माफी मागितली. पत्रकात मागायला हवी ती पत्रकात मागितली, तोंडानं मागायला हवी ती तोंडानं. ते एवढंच म्हणाले, “मास्तर बरे हायत का?”

मी निघताना मास्तरांनी घातलेली अट मग मी त्यांना सांगितली. नाव घालायचं तर आधी चंद्र नीट. नाहीतर नाव नाही. सर म्हणाले, मग माझं ओढलेलं घेऊ. मोबाईलवर त्यांनी ती ओढलेली सोनी मास्तरांना पाठवली. मास्तरांचा उलट फोन आला, आणि सरांनी तो मोठ्या आवाजावर लावला.

“हे कुणी ओढलं?” मास्तर म्हणाले. “ओढून सरळ होत नाही दत्ता, उसवतं. परत मोजून काढावं लागतं.”

सुट्टीला थोडेच दिवस उरले होते. सरांनी हिशोब केला आणि म्हणाले, आठ दिवस देतो, त्यात होईल तेवढं. सह्या केलेल्या लोकांना मी कळवलं की चंद्र बदलणार आहे, आणि का बदलणार आहे. बहुतेकांनी पहिला अर्धा भागच वाचला. पुण्याचा तो माणूस म्हणाला, विकली गेलीस. मी त्याला चार ओळींचं उत्तर लिहिलं, त्यातल्या तीन खोडल्या. उरलेली होती: ‘चित्र काढणाऱ्याला विचारायचं माझ्याकडून राहिलं होतं.’

मास्तर रोज सकाळी रिक्षानं यायचे. कॉम्प्युटरला हात लावला नाही. खिडकीशी बसून आलेख कागदावर पेन्सिलनं चौकोन भरायचे, ओठात तेलुगूत मोजत. मी त्यांचा कागद शेजारी ठेवून एकेक चौकोन पडद्यावर भरायची. त्यांचा हात सारखा सवयीवर जायचा. तीनदा चंद्र बसकाच झाला आणि तीनदा त्यांनी तो खोडला. “हा हात ऐकत नाही,” म्हणायचे, आणि डाव्या हातानं उजव्याचं मनगट धरून काढायचे. त्या दिवसांत खालचे ठोके कमी वाटायचे. दुपारचं ऊन कागदावरून सरकत असायचं आणि आम्ही दोघं एका चंद्राची कड मोजत असायचो. कुणी येऊन विचारलं असतं काय चाललंय, तर मला सांगता आलं नसतं. आठ वर्षांतले माझे सगळ्यात चांगले दिवस ते.

पाचव्या दिवशी चंद्र गोल झाला. मी तो खेळात बसवला, सोनीला शिड्या चढवत वर नेलं, आणि ती चंद्रावर बसली आणि घसरली. पुन्हा नेली, पुन्हा घसरली. लोडावर मांडी घालता येते, चेंडूवर कशी घालणार? मी वहीत नंबर टाकला आणि मनातून थोडी खूशही झाले, खोटं कशाला बोलू. वाटलं, आता तरी जुना परत येईल.

मास्तरांनी सोनीला पुन्हा एकदा वर न्यायला लावलं. मग म्हणाले, “गोलावर बसायचं तर पाय खाली सोडायला पाहिजेत.”

उरलेले तीन दिवस त्यांनी सोनी काढली. चंद्रावर बसलेली, पाय खाली सोडलेली, एक चप्पल अंगठ्यावर लोंबणारी. चप्पल कुणी मागितली नव्हती. आठ दिवस संपले. बाकीचं गाव, घोडा, कळस, सगळं बसकंच राहिलं. मी भीत भीत विचारलं, चालेल का? ते म्हणाले, “त्यात लोकांनी संसार केलेत म्हणतीस ना. राहू दे. चंद्र तेवढा माझा.”

खेळाच्या शेवटी आता दोन नावं येतात. खेळ दत्ता सरांचा, चित्रं अंबादास मास्तरांची. सुट्टीत खेळ बाजारात आला आणि तक्रारी सुरू झाल्या. चंद्र कुणी बिघडवला? आमचं बालपण का ओढलंत? अक्कलकोटच्या शिक्षिकेनं लिहिलं की मुलगा आता विचारतोय, खरा कुठला? लोकांचा राग खोटा नाही. तो माझाही आहे. तो वाट बघणारा चंद्र आता कुठल्याच मशीनवर नाही, आणि तो घालवणाऱ्यांत माझा हात आहे, चौकोन चौकोन करून. तरी प्रत्येक तक्रारीला मी एकच उत्तर पाठवते: ज्याचा होता, त्यानं नीट केला.

माझ्या वहीत आता तिसरा रकाना आहे. ‘विचार.’ विचार कर असं नव्हे. जा आणि विचार, ज्यानं केलंय त्याला. तो नसेल तर त्याच्यासोबत काम केलेल्याला. होडीचा खेळ करणाऱ्यांना मी अजून शोधतेय. आणि ज्या कंपन्या जुने खेळ चकचकीत करून आणतात आणि जुन्या कारागिरांची दारं कुठं आहेत हेही ज्यांना माहीत नसतं, त्यांच्यासाठी माझं पत्रक तयार आहे. पहिली ओळ लिहून झालीय.

पौर्णिमेला मी मास्तरांकडं नवा मोबाईल घेऊन गेले होते. त्यांच्या नातीला खेळ त्यावर टाकून द्यायचा होता. संध्याकाळची वेळ, सगळे गच्चीवर. माग नुकतेच थांबले होते आणि कानात ती पाण्याखालची शांतता भरली होती. पूर्वेला, छपरांच्या रांगेवर, चंद्र निघाला. मोठा, तांबूस, आणि खाली दाबलेला. खरंच. क्षितिजाशी तो तसा दिसतो, हे मला नंतर कुणीतरी समजावून सांगितलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की तो आडवा आहे, लोडासारखा, कुणाची तरी वाट बघत बसल्यासारखा.

“मास्तर,” मी म्हणाले, “हा बघा. बसका आहे.”

त्यांनी चांगल्या डोळ्यानं बघितलं. घाई केली नाही.

“वर येऊ दे की,” ते म्हणाले. “होतोय गोल.”